सगुणाच्या वतीनं

कोलशेतच्या पंढरी मढवीला प्रश्न विचारला आणि उत्तराला वेळ लागला, असं कधी झालं नाही. प्रश्न दुसऱ्याला विचारलेला असला तरी उत्तर पंढरीचंच असायचं. डॉक्टरांनी सगुणाला विचारावं, "काय होतंय?" आणि पंढरीनं सांगावं, "पित्त आहे तिला, रिकाम्या पोटी चहा पिते." हॉटेलात वेटर सगुणाकडे वळला की पंढरी म्हणणार, "तिला साधा डोसा." लग्नाला पंचवीसच्या वर वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत सगुणानं बाहेर साधा डोसाच खाल्ला होता. तिला तो फार आवडतो, असं पंढरीनं कुणालाही ठासून सांगितलं असतं.

माणूस वाईट नव्हता हो. गावात कुणाची मयत असो, कुणाला रक्त लागो, पंढरी पहिला हजर. मुलुखाची उठाठेव करणारा आणि त्याचा मोबदला न मागणारा. फक्त समोरचा तोंड उघडेपर्यंत त्याला दम निघायचा नाही.

खाडीकडच्या एका रंगाच्या कारखान्यात तो स्टोअरचा सुपरवायझर. बापाची शेती बिल्डरकडे गेली, तिच्या बदल्यात आलेल्या फ्लॅटमध्ये तो, बायको सगुणा आणि इंजिनिअरिंगला असलेला मुलगा प्रितम असे तिघं राहायचे. थोरल्या भावानं, गुणाजीनं, गावठाणातल्या जुन्या जागेवर बंगला बांधला होता.

दोन वर्षांपूर्वी कंपनीनं सगळ्या सुपरवायझरांना ठाण्याच्या एका हॉटेलात दिवसभराच्या ट्रेनिंगला पाठवलं. तिथे दर्शना मॅडम म्हणून एक बाई आल्या होत्या. त्यांनी माणसांच्या स्वभावाचे चार प्रकार सांगितले: बोलका, कर्ता, सोशिक आणि चिकित्सक. प्रत्येकाकडून प्रश्न सोडवून घेतले. पंढरी निघाला कर्ता, तोही काठोकाठ. मॅडम म्हणाल्या, "कर्ता माणूस निर्णय पटकन घेतो, जबाबदारी अंगावर घेतो." पंढरीची छाती फुगली. पुढे त्या असंही म्हणाल्या की कर्त्याला ऐकायच्या आधीच ठरवून टाकायची खोड असते, आणि हा प्रकार ज्याचा त्यानं ओळखायचा असतो, दुसऱ्याला चिकटवायचा नसतो. पण तोवर बाहेर जेवणाची भांडी वाजायला लागली होती आणि पंढरी शेजाऱ्याला, "तू बोलक्यातला दिसतोस," असं सांगण्यात गुंतला होता.

घरी आला तो हुरळूनच. जन्मभर लोक त्याला तापट म्हणत आले, आगाऊ म्हणत आले. आज पहिल्यांदा त्याच्या स्वभावाला चांगलं नाव मिळालं होतं.

आता खरं सांगायचं तर त्या ट्रेनिंगनं एक चांगली गोष्ट झाली, ती नाकारून चालणार नाही. प्रितम लहानपणापासून घुमा. काही विचारलं की गप्प. पंढरी ओरडायचा, पोरगा आणखी गप्प व्हायचा, आणि जेवणं बिघडायची. पंढरीनं त्याला चिकित्सकांत धरलं. चिकित्सक माणसाला उत्तराला वेळ द्यावा लागतो, एवढं मात्र त्यानं मॅडमचं नीट ऐकलं होतं. "पुढं काय करायचं ठरवलंस?" असं विचारून तो एकदा खरोखर गप्प बसला. जीव नुसता वर-खाली होत होता, पण बसला. आठवडाभरानं प्रितम आपणहून समोर येऊन बसला आणि तासभर बोलला. पंढरीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं ज्याला आपण घुमा म्हणत होतो तो पोरगा विचार करत होता, आणि आपण त्याच्या कानात ओरडत होतो. त्याला स्वतःची लाज वाटली. पण ती लाज फार काळ टिकली नाही, कारण तिच्या मागोमाग अभिमान आला. आपल्याला माणसं कळायला लागली, असं त्याच्या मनानं घेतलं.

मग सगुणाची पाळी आली. तिला त्यानं सोशिकांत टाकलं. सोशिक माणसाला पुढं यायला आवडत नाही, गर्दीत बोलायला आवडत नाही, त्याला जपावं लागतं. पंढरी तिला जपू लागला. महिला मंडळाच्या बायका बोलवायला आल्या की, "तिला नाय आवडत असला काय," म्हणून तो दारातूनच त्यांची बोळवण करी. सगुणा आतून ऐके आणि काही बोलत नसे. बघा, पंढरी मनाशी म्हणे, सोशिक.

गेल्या वर्षी गुणाजीच्या मुलाचं, नीलचं लग्न ठरलं. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला धवले, म्हणजे त्या त्या विधीची गाणी, म्हणणारी ही बाई. ती म्हणेल तसा विधी पुढं सरकतो. कोलशेतची जुनी धवलारीण वारली होती आणि नव्या पोरींना ती गाणी येत नाहीत. सगुणाचं माहेर दिवा गावचं. तिची आई तिथे नावाजलेली धवलारीण होती.

एका दुपारी गुणाजीची बायको, गोदावहिनी, ताटात पान-सुपारी आणि खण घेऊन आली. त्यांच्या घराण्यात धवलारणीला असं मानानं बोलवायची रीत, आणि ताट एकदा परत गेलं की त्या लग्नापुरता तो मान दुसरीकडे द्यायचा, हीसुद्धा रीतच. पंढरी नेमका रजेवर घरी होता. सगुणा आत चहा टाकत होती. दुपारच्या वेळी तिनं चांगली हिरवी साडी का नेसली असावी, याचं त्याला जरा नवल वाटलं होतं, पण तेवढंच.

"सगुणाला बोलवा," गोदावहिनी म्हणाली. "नीलचे हलदीला धवले तिनीच बोलावं, असा आमचे घरात सगल्यांचे मनात हाय. आयशीचा गला हाय तिचा."

"छे छे, वहिनी!" पंढरी हसत म्हणाला. "तिला नाय जमाचा. चार मानसांत तोंड उघडीत नाय ती. तिचा टाईपच तसा हाय, सोशिक. उगाच तिचे जिवाला घोर." आणि त्यानं ताट दोन्ही हातांनी उचलून, अगदी अदबीनं, वहिनीच्या पुढ्यात सरकवलं.

सगुणा चहा घेऊन दारात उभी होती. तिनं ताटाकडे बघितलं. कप ठेवले आणि आत गेली. संध्याकाळी ती साध्या साडीत भाकऱ्या थापत होती. पंढरीला वाटलं, बायकोला आपण एका संकटातून सोडवलं. त्यानं तिला तसं बोलूनही दाखवलं.

वहिनीनं दिव्याहून बारकीबाई नावाची म्हातारी धवलारीण ठरवली. हळदीच्या दिवशी बंगल्यापुढे मांडव गच्च भरला होता. पंढरी माणसांना बसवत, जेवणाची पानं बघत, सगळीकडे एकाच वेळी असल्यासारखा फिरत होता. बारकीबाई दोन गाण्यांच्या मध्ये चहाला थांबली, तेव्हा पंढरीच कप घेऊन गेला.

"सगुणाचा नवरा ना तू?" म्हातारीनं विचारलं. "तिनी का नाय घेतली ही हलद? सगला शिकून तयार हाय ती. दोन वरसां येते माजे घरा."

"बहिणीकडे येते ती दिव्याला," पंढरी म्हणाला.

"बहीन तिची माजे शेजारी रते. जेवाला बहिणीकडं, शिकाला माजेकडं."

पंढरीनं कप तसाच खाली ठेवला. तो गोदावहिनीला शोधत गेला आणि तिला बाजूला घेऊन त्यानं हे खरं का म्हणून विचारलं. वहिनी आधी टाळत होती. मग म्हणाली, "आता इचारलाव तर सांगते, भावजी. त्या दिशी मी माजे मनानी नव्हती आलेली. सगुणानीच मना बोलावलेली. ती बोलली, मी घरात इषय काढला तर हे आदीच नाय बोलतील. वहिनी, तुमी मानानी इचाराला या, मंग मी होय बोलीन."

पंढरीच्या डोळ्यांसमोर ती हिरवी साडी आली. बायको ताट घ्यायला नेसून तयार झाली होती आणि ते ताट त्यानं परत पाठवलं होतं. वर तिलाच ऐकवलं होतं की बघ, तुला वाचवलं. मांडवातल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असेल, आजवर सगळ्याजणी आपल्याला चहा देताना मनात हसत असतील, असं वाटून त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

इथं दुसरा कुणी असता तर कोपऱ्यात जाऊन बसला असता. पण हा पडला कर्ता. चूक झाली ना, मग ती आत्ताच्या आत्ता दुरुस्त करायची. तो सरळ बारकीबाईच्या पुढ्यातला माइक घेऊन उभा राहिला. "मंडळी, जरा थांबा! आता पुढची हलद आमची सगुणा बोलनार हाय! दोन वरसां शिकली हाय ती!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंढरी माइक घेऊन बायकांच्या घोळक्यात शिरला, तिथे सगुणा हळदीची वाटी घेऊन उभी होती, आणि त्यानं तो तिच्या तोंडापुढे धरला.

"मी नाय बोलनार," सगुणा म्हणाली. दोन्ही स्पीकरमधून ते मांडवभर ऐकू गेलं.

"अगं, लाजतेस काय? आपलीच मानसां हायत."

"लाजत नाय मी. मना कुनी इचारलाच नाय."

टाळ्या थांबल्या. कुणीतरी पोर हसलं आणि त्याच्या आईनं त्याला गप्प केलं. पंढरी माइक तसाच धरून उभा. शेवटी बारकीबाईनं माइकशिवायच, जिथं सोडलं होतं तिथून गाणं उचललं, बायकांनी साथ धरली, आणि सगुणा वाटी घेऊन नीलकडे गेली. त्या गर्दीतून बाहेर पडणं पंढरीला जड गेलं. ज्याला त्याला वाट करून देणारा माणूस, आज लोक त्याला वाट देत होते आणि त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

लग्न पार पडलं. पंढरी कामावर जाई, येई, जेवे. गावठाणातून जायचं टाळून लांबच्या रस्त्यानं जाई. आपण मेहनती, आपण प्रेमळ, आपण घरासाठी झिजलो, हे सगळं तो स्वतःला सांगून बघत होता आणि त्यातलं काहीच उपयोगी पडत नव्हतं. कारण हे सगळं खरं होतं आणि तरीही बायको गाणं चोरून शिकली होती. नवऱ्यापासून चोरून. तो दारुडा नव्हता, मारकुटा नव्हता, आणि तरी.

एका संध्याकाळी जेवताना प्रितम म्हणाला, "पप्पा, एक विचारू? तुमची टेस्ट त्या मॅडमनी घेतली. मम्मीची कुणी घेतली?"

"मीच... म्हणजे मी ओळखलं."

"तिला काही विचारून?"

पोरानं ते त्याला टोचायला विचारलं नव्हतं, बरेच दिवस विचार करून विचारलं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सगुणा बाल्कनीत सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, निवडत बसली होती. पंढरी तिच्यासमोर खाली बसला. "माजा चुकला," तो म्हणाला. "ताट परत केला तेबी आनि माइक धरला तेबी."

सगुणा निवडत राहिली. पंढरीच्या जिभेवर पुढची वाक्यं तयार होती: झालं गेलं विसर, पुढच्या लग्नाला तूच, मी स्वतः वहिनीला सांगतो. ती त्यानं दाताखाली धरली. बराच वेळ गेला. इतका वेळ या बाईचं उत्तर ऐकायला आपण कधी थांबलोच नव्हतो, हे त्याला बसल्या बसल्या कळत होतं, आणि कळेल तसतशी मान खाली जात होती.

"मना राग आलाय," सगुणा शेवटी म्हणाली. "लय जुना हाय तो. तुमी आता बोलाल, सोड, जाऊ दे. तर तसा बोलू नका. तो माजा हाय. मना पायजे तवा मी तो सोडीन."

"बरं," पंढरी म्हणाला.

"आनि तुमी मना सोशिक बोलता ना. मी सोसलाय. सोसला म्हनजे आवडला असा नसते."

पंढरीनं आजवर दिलेली सगळी उत्तरं, डॉक्टरांना, वेटरला, मंडळाच्या बायकांना, एकेक करून त्याच्या अंगावर आली. त्यातलं किती खरं होतं हे आता विचारायचीही त्याला लाज वाटत होती. तो सोड्यांतला कचरा वेचू लागला. तिनं त्याला उठवलं नाही, एवढंच.

पुढच्या महिन्यात बारकीबाईनं सगुणाला दिव्यातल्या एका लग्नात साथीला बोलावलं. सगुणानं घरात फक्त सांगितलं, विचारलं नाही. त्या रविवारी दुपारी ती तयार होऊन बाहेर आली.

"सोडाला येऊ?" पंढरीनं विचारलं.

तिनं जरा विचार केला. "नको," म्हणाली.

ऊन किती आहे, गाडी खाली उभी आहे, रिक्षावाले काय घेतील, हे सगळं त्याच्या तोंडाशी आलं. त्यानं चपलांच्या रॅकला धरून ते गिळलं. सगुणा गेली. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं.

थोड्या वेळानं गोदावहिनीचा फोन आला. सगुणा फोन उचलत नाही म्हणून तिनं पंढरीला लावला होता. पुढच्या आठवड्यात नीलच्या सासरची माणसं यायची होती. "सगुणा येल का भाकऱ्यांना? आनि रातचे जेवनाला तिला चिंबोरी चालतीन का कोंबडी करू?"

पंढरीनं तोंड उघडलं. सगुणाला काय आवडतं, चिंबोरी की कोंबडी? तो आठवू लागला. कितीतरी वर्षं एका ताटात जेवल्यासारखा संसार केला होता, आणि आठवेना.

"वहिनी," तो म्हणाला, "मना नाय म्हाईत. तिलाच इचारा."

"भावजी, तुमीच बोलताव ना?" पलीकडून वहिनीनं विचारलं.