चार सुतांचं ड्रिल

माझ्या धाकट्या बहिणीचा मला हेवा वाटायचा, हे आता म्हातारपणी मी उघड सांगू शकते. तेव्हा मी त्याला दुसरी नावं द्यायची. कधी म्हणायची, तिला गर्व झालाय. कधी म्हणायची, शहरात राहून ती बदलली.

आम्ही अकोटला होतो. माझे मालक सुतार. तिफणी, वखर, डवरे, बैलांची जुवं, गाड्यांची दुरुस्ती, असं शेतीचं सगळं काम आमच्या दुकानात यायचं. बहीण अमरावतीला दिली होती. तिचे यजमान लोखंडी गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायचे. दोघींचे नवरे हातानं काम करणारे, दोघींची घरं भाड्याची. तरी तिच्याकडे गेलं की मला तिथलं पाणीसुद्धा गोड लागायचं, आणि त्याचाही राग यायचा.

साठ सालानंतरची गोष्ट. दिवाळी झाल्यावर आम्ही दोघं तिच्याकडे गेलो, तेव्हा तिच्या यजमानांनी विजेचं ड्रिल घेतलेलं होतं. बहिणीनं त्या यंत्राला जुन्या लुगड्याची खोळ शिवली होती, वर नाडीसकट. यजमानांनी अंगणात लोखंडी पट्टी ठेवली, बटण दाबलं, आणि माझा चहा पिऊन होईस्तोवर तीत चार भोकं पडली. माझे मालक उकिडवे बसून त्या भोकांवरून बोट फिरवत राहिले.

"एका मिनिटाचं काम," बहीण म्हणाली. "तुमच्याकडं अजून दोरीच ओढून राहिले काय वो बाई?"

थोरली म्हणून ती मला बाई म्हणायची. दोरी म्हणजे आमचा सामता. उभ्या दांड्याला खाली पातं आणि मधे दोरीचा वेढा. मोठं भोक असलं की मालकांनी वरून दाबायचं आणि मी समोर बसून दोन्ही हातांनी दोरी ओढायची. तिनं कदाचित सहज विचारलं असेल. पण तिची सासू समोर होती, दोन शेजारणी होत्या, आणि माझ्या हातावर दोरीचे घट्टे होते. मी हात पदराखाली घेतले.

परतीच्या मोटारीत मी मालकांना म्हटलं, "आपल्याले बी घ्याचं."

"घेऊ ना."

"तिच्याहून मोठं."

ते हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करून राहिली.

माघात आम्ही ड्रिल घ्यायला पुन्हा अमरावतीला गेलो. बहिणीला कळवलं नाही. दुकानात दुसरी बाई नव्हती. म्हातारा दुकानदार मला बसायला स्टूल देऊन मालकांना म्हणाला, "काम कोणतं, ते आधी सांगा."

मालकांनी सांगितलं. बाभळीची जुवं, वखराची खोडं, त्यावर बसवायच्या लोखंडी पट्ट्या. कधी शेतकऱ्याच्या वावरात जाऊन मोडलेलं नीट करायचं.

दुकानदारानं तीन वस्तू समोर मांडल्या. एक छातीचं ड्रिल. त्याची वरची पाटी छातीला टेकवायची, अंगाचा जोर द्यायचा आणि हातानं दांडा फिरवायचा. दुसरं विजेचं, दोन सुतांपर्यंत, म्हणजे पाव इंची भोक पाडणारं. बहिणीकडे होतं तेवढंच. तिसरं चार सुतांचं, दोन मुठींचं, डुकराच्या पिलासारखं जड.

"तुमाले छातीचं घ्या," तो म्हणाला. "वावरात वीज कुठून आणसान? आणि घरी हे लहान पुरते. मोठं लोखंडाच्या कारखान्यातलं हाये. त्याले अडकवून ठेवाले लोखंडी घोडी लागते, उभी चौकट. अडलं तर हात सोडत नाई."

मालकांनी छातीचं ड्रिल उचललं. त्याचा दांडा त्यांनी फिरवला, चाकांचे दाते पाहिले, आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांना तेच हवं होतं. मला ते स्वच्छ दिसलं.

"याच्याहून मोठं नाई काय?" मी चार सुतांच्या यंत्राला हात लावून विचारलं.

दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. मालकांनी छातीचं ड्रिल खाली ठेवलं. "हिले पसंत हाये ते द्या," ते म्हणाले.

घरी आल्याबरोबर मी बहिणीला पत्र टाकलं. खुशाली दोन ओळींत आटोपली आणि पुढे लिहिलं की आमचं ड्रिल तुमच्या दुप्पट आहे. तिचं उत्तर आलं नाही. ती जळत असेल या विचारानं मी तो महिना फार सुखात काढला. खोळ मीही शिवली, नव्या कापडाची.

चैत्रात एका शेतकऱ्यानं वखराचं खोड आणलं. जुनी बाभूळ, आत गाठ. मालकांनी बटण दाबलं, बीट, म्हणजे पुढचं पातं, अर्धं आत गेलं आणि गाठीत अडकलं. बीट थांबलं आणि यंत्रच गरकन फिरलं. मालकांची मूठ सुटली नाही. मनगटाचा आवाज मी चुलीपाशी ऐकला.

सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, दोन महिने हात हलवायचा नाही. मिरगाच्या आधीचे तेच दोन महिने आमच्या धंद्याचे. दुकानासमोर नांगर, तिफणी येऊन पडल्या. मालक येईल त्याला सांगायचे, माह्याच हातानं चूक झाली. मला बोलले असते तर बरं झालं असतं.

बहिणीला कळवू नका, असं मी मालकांना बजावलं होतं. तरी त्यांनी शेजारच्या मास्तरांकडून कार्ड लिहवून घेतलं. चौथ्या दिवशी दर्यापूरच्या मोटारीनं बहीण आणि तिचे यजमान आले. तिच्या मांडीवर ते लहान ड्रिल, खोळीत. हातपाय धुऊन यजमान मालकांना म्हणाले, "साडभाऊ, तुमी नुसतं बसून सांगा. करतो मी."

लोखंडातला माणूस लाकूड शिकला. बारा दिवस त्यांनी काम केलं. मला त्यांचे उपकार दिसत होते, पण त्याहून जास्त ती खोळ दिसत होती. एके दिवशी दोघी भाकरी करताना माझ्या तोंडून गेलंच. "यंत्र दाखवाले आली काय तू?"

बहिणीनं परातीतला हात थांबवला. "कोणाचं यंत्र? मी खोळ शिवली तेवढीच माही. बटनाले हात लावू देत नाईत मले. म्हनतात, बायांचं काम नाई."

मी तव्यावरची भाकरी उलटली.

"भाऊजी सांगत होते, तुले दुकानात नेलं," ती म्हणाली. "तुले विचारलं, कोणतं घ्याव म्हनून. तू समोर बसून दोरी ओढते, अन् भोक पडलं की दोघं वाकून पाहता. मागं इथं आली तवा ते पाहून गेली, तवापासून मले झोप नाई लागली, अन् तू मले पत्रात दुप्पट, दुप्पट लिहिते!"

ती रडली नाही. रागानंच भाकरी थापत राहिली, आणि ती भाकरी मधे फाटली. मला तिची कीव यायला हवी होती. खरं सांगायचं तर आधी आनंद झाला. माझ्याकडेही तिला खुपण्यासारखं काही होतं, याचा आनंद. लाज नंतर वाटली, ती संध्याकाळपर्यंत पुरली.

जायच्या दिवशी मालक तिच्या यजमानांना म्हणाले, "हे मोठं तुमी न्या. तुमच्या गेटाच्या कामाचं हाये, घोडी बी हाये तुमच्याकडं. माह्या लाकडाले तुमचं लहानच बरं." अशी अदलाबदल झाली. मोटारीत चार सुतांचं ड्रिल बहिणीच्या मांडीवर होतं, माझ्या नव्या खोळीत. मोटार निघाली तेव्हा मी बहिणीकडे नाही, त्या खोळीकडेच बघत होते. सगळं समजूनही.

प्लास्टर निघेपर्यंत लहान ड्रिल मी चालवलं. मालक डाव्या हातानं लाकूड दाबून धरायचे आणि सांगायचे, सरळ, सरळ, आता सोड. पहिली दोन जुवं वाया गेली. तिसरं एका शेतकऱ्यानं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे भोक कोणी पाडलं वो?"

"घरच्यांनी," मालक माझ्याकडे बोट करून म्हणाले. तो माणूस हसला, पण जू घेऊन गेला. छातीचं ड्रिल आम्ही पुढच्या वर्षी घेतलं. तेही मालकांनी मला दोनदा फिरवून पाहायला लावलं आणि मग घेतलं.

श्रावणात बहिणीचं पत्र आलं. तिनं हट्ट धरला होता, आणि घोडीवर अडकवलेलं मोठं ड्रिल यजमानांनी तिला चालवायला दिलं होतं. तिनं विचारलं होतं, भोक तिरपं जाऊन राहिलं, काय करू?

मी दोन पानं भरून उत्तर लिहिलं. उभं कसं राहायचं, जोर किती द्यायचा, बीट मधूनमधून बाहेर कसं काढायचं. आधी खिळ्यानं ठिपका ठोकायचा म्हणजे बीट सरकत नाही, एवढं मात्र लिहिलं नाही. ते पुढच्या पत्रात लिहिलं.