विरोधी मॅडम कुणाच्या बाजूनं होत्या?

मॅडम कुणाला मत देतात, हे दोन वर्षांत आमच्या वर्गाला कळलं नाही म्हणजे नाही. कुणाचं कुणाशी जुळलंय हे आम्ही आर्ट्सची पोरं मधल्या सुट्टीत शोधून काढायचो, पण राज्यशास्त्राच्या मॅडमपुढे हात टेकले. त्या कुठला पेपर वाचतात यावर पाळत ठेवली, तर रोज निराळा. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी बोटावरची शाई बघून एकानं धीर करून विचारलंच. "गुप्त मतदानाचा धडा झालाय ना तुमचा? मग बसा खाली," एवढंच म्हणाल्या.

त्यांचं नाव आम्ही विरोधी मॅडम ठेवलं होतं. कारण कुणी तावातावानं मत मांडायला उठलं, की त्या हात वर करायच्या. "आपलं कळलं. आता आधी समोरच्याची बाजू मांडा. त्याला पटेल अशी." हात आखडून मांडलेली बाजू त्यांना बरोबर ओळखू यायची, मग पुन्हा पहिल्यापासून. हडपसरच्या पुलाखालचे फेरीवाले हटवावेत का, यावर एकदा वाद पेटला. आमच्या प्रतीक्षाची आई तिथेच भाजी विकायची, आणि मॅडमनी नेमकं तिलाच फेरीवाले हटवण्याच्या बाजूनं बोलायला लावलं. काय दुष्ट बाई आहे, असं झालं मला! प्रतीक्षा डोळे पुसत पुसत बोलली, अडकलेल्या रुग्णवाहिकेपासून सगळं. मग मॅडम म्हणाल्या, "आता तुझं सांग." समोरच्याचा एकेक मुद्दा तिनं आधीच तोंडातून काढलेला होता. तिला अडवायची कुणाची टाप होती?

माझी पाळी आली अकरावीच्या सुट्टीत. आम्ही मूळचे यवतमाळकडचे. बाबा इथे कारखान्यात कंत्राटावर. त्यांनी जाहीर केलं, आर्ट्स बंद, डिप्लोमाला जायचं. "राज्यशास्त्र शिकून काय करशीन? निवडणुकीले उभी राहशीन?" मी रडले, जेवण सोडलं, आणि शेवटी मॅडमना म्हटलं, तुम्हीच घरी येऊन बाबांना समजवा. वाटलं होतं, आता ह्या बाबांना चांगल्या ऐकवतील.

कसलं काय! आल्या, आईनं दिलेला चहा सावकाश प्यायल्या आणि बाबांना म्हणाल्या, "अहो, आपण हिची बाजू मांडा. आणि तू बाबांची."

बाबा गडबडले. "मले काय बोलता येते मॅडम, मी आठवी शिकलेला."

"मत देता ना? मग येतं."

आधी मी सुरू केलं, तोंड वाकडं करून. मॅडमनी दोनदा थांबवलं. मग तिसऱ्यांदा मी बाबांकडे बघितलं आणि जे लहानपणापासून डोळ्यांसमोर होतं ते पहिल्यांदा बोलले. कंत्राट संपलं की बाबांचं ओळखपत्र काढून घेतात, आणि थोड्या दिवसांनी तेच बाबा त्याच गेटवर नव्या माणसासारखे उभे राहतात. आपल्या पोरीवर ती वेळ येऊ नये, हातात पक्कं काम असावं, एवढंच त्यांना हवंय. बाबा फरशीकडे बघत होते.

त्यांची पाळी आली, तशी त्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "हिले विचारायची सवय आहे. रेशनच्या दुकानात एवढीशी होती तेव्हा विचारे, काका, धान्य कमी काऊन देता? मी हिचा हात ओढून गप्प करो. मले कधी विचारता आलं नाही, गेटवरही नाही. हे शिकली तर हिले येईन." मग आईला म्हणाले, "राहू दे तो डिप्लोमा."

माझा विश्वासच बसेना. मॅडम उठल्या, "चहा छान होता" म्हणाल्या आणि स्कूटर काढून निघून गेल्या.

आता मी वाघोलीला अकरावीला राज्यशास्त्रच शिकवते. मॅडम निवृत्त होऊन वारज्याला मुलाकडे राहायला गेल्या, तेव्हा भेटायला गेले होते. इतकी वर्षं मनात घोळत असलेलं विचारून टाकलं. "मॅडम, त्या दिवशी खरं तुम्ही कुणाच्या बाजूनं होता?"

"तुझ्या बाबांच्या," त्या लगेच म्हणाल्या. "आधी हाताला काम, मग आवडीचं शिक्षण. मला आजही तसंच वाटतं."

मी उडालेच. "मग बोलला का नाहीत?"

"घर तुमचं. तुमच्या मतदारयादीत माझं नाव कुठे होतं?"

संध्याकाळी बाबांना हे सांगितलं, तर ते भडकलेच. "म्हणजे माह्या बाजूनं होत्या अन् तोंड शिवून बसल्या? एक शब्द टाकला असता तर!" जरा वेळ धुसफुसत बसले. मग हळूच म्हणाले, "पण त्यांच्या जागेवरून पाह्य. त्या बोलल्या असत्या, तर आपण दोघं एकमेकांशी बोललो असतो का?"