बन्यामीनमामा, बासष्ट आणि बोकड

निमोण्याच्या बन्यामीनमामांना सार्वकालिक जीवनाची हमी लहानपणापासूनच होती. दर रविवारी शिरूरच्या चर्चमध्ये ती नव्याने मिळे आणि तिच्याबद्दल त्यांना काडीची शंका नव्हती. प्रश्न होता तो त्याआधीच्या बारा वर्षांचा. नात कृपा चार वर्षांची. तिचा दहावीचा निकाल बघायचा आणि मगच निघायचं, असं मामांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. अडचण एवढीच की त्यांच्या घराण्यात एकाही पुरुषाने बासष्ट पाहिलं नव्हतं. आजोबा साठीला गेले, वडील एकसष्टाला, थोरला भाऊ तर अठ्ठावन्नलाच. आणि गेल्या सप्टेंबरात उपाशीपोटीची शुगर दोनशे दहा निघाली, तेव्हा मामा एकसष्टचे होते.

"चालायला जाता का?" शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तीस वर्षं शिरूर-दौंड केलंय की बाई. रोज दोन खेपा."

"चालत?"

"न्हाई, एसटीनं. डायवर होतो मी."

तीस वर्षं सीटवर बसून जमवलेलं पोट आता उतरवायचं होतं. घरात सगळे कामाला लागले. रांजणगावला कंपनीत असलेल्या मुलाने, नोएलने, पोपटी तळव्यांचे बूट आणले आणि पावलं मोजणारं घड्याळ मनगटावर बांधलं. राहेलमामींनी साखरेचा डबा माळ्यावर टाकला आणि सकाळी कारल्याचा रस सुरू केला. तो पिताना मामांचा चेहरा असा व्हायचा की कृपा शेजारच्या पोरांना बघायला बोलवायची.

रोज पहाटे मामा न्हावऱ्याच्या रस्त्याने निघत आणि दीड तासाने परत येत. घड्याळात सहा-सात हजार पावलं असत. नोएल खूश, मामी खूश. महिन्याने पुन्हा तपासलं, तर शुगर दोनशे अडतीस.

"अहो, तुम्ही चालता का लोळता?" मामींनी विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. एक तर आपल्याकडे धडधाकट माणूस रिकाम्या हाताने रस्त्याने चालला की लोकांना वाटतं, गाडी चुकली असणार, नाहीतर घरात भांडण झालं असणार. त्यात हे बन्यामीनमामा! यांनी तीस वर्षं वाटेत हात करेल त्याच्यासाठी गाडी थांबवली. थांबा असो, नसो. साहेबांच्या शिव्या खाल्ल्या, पण डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईला कधी मागे टाकलं नाही. आता सगळ्या रस्त्याला त्याची परतफेड करायची होती. दूधवाला महेंद्र मोटरसायकल आडवी लावायचा.

"मामा, बसा मागं."

"आरं, मी चालायला आलोय."

"व्हय, पण चालता कशाला? मी हाय की!"

नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून मामा बसत. रस्त्यात खड्डे एवढे, की घड्याळ दर आदळण्याला एक पाऊल धरायचं. निम्मी पावलं खड्ड्यांचीच होती. महेंद्र त्यांना सोडायचा तो साखरबाईंच्या वस्तीवर. तिथे साखरबाई दारात उभ्याच.

"चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई, मामा."

"बिनसाखरेचा असंल तर..."

"बिनसाखरेचा? कुणी मेलंय का घरात? माझ्या पोटात कळा चालल्या हुत्या तवा तुमी हितं बांधापाशी एसटी आणली, दौंडच्या दवाखान्यात नेऊन घातलं. माझा सत्यजीत तुमच्यामुळं हाय. आन् तुमाला मी फिका चहा पाजू?"

तिथून घरी येईपर्यंत अशा आणखी चार वस्त्या लागत.

"तुमची पुण्याईच तुम्हाला खाणार बघा," मामी म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाल्या. अकरा फेब्रुवारीला बासष्ट पूर्ण होत होते. नोव्हेंबर लागला होता.

मार्ग सापडला तो अपघाताने. नाताळासाठी मामांनी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून बोकड आणला. काळा, थोराड, दाढीवाला आणि उग्र वासाचा. मामी म्हणाल्या, "नाहीतरी जाताच, तर ह्यालाही बांधावर चारून आणा."

त्या दिवशी महेंद्रने गाडी हळू केली, बोकडाने त्याच्या किटल्यांकडे शिंगं वळवली आणि महेंद्र "येतो मामा!" म्हणत निघून गेला. साखरबाई लांबूनच ओरडल्या, "मामा, त्याला आत नका आणू, मेथी उगवलीया!" रस्त्यावर उभ्याने कपभर घ्यावा, तर बोकड थांबेना. चाऱ्याच्या ओढीने त्याने मामांना फाट्यापर्यंत नेलं आणि परत आणलं. शिवाय मामा का चालतात हे आता कुणी विचारेना. बोकडाबरोबर माणूस चालणारच. सायकल विकत घ्यावी आणि तिने आपल्यालाच चालवावं, तसं झालं.

तेवीस डिसेंबरला मामींनी विचारलं, "कापायचं कधी?"

"कुणाला?"

"बोकडाला, अहो!"

"आन् मग सकाळी माझ्यासंगं कोण येणार? तू येतीस?"

तो नाताळ कोंबडीवर झाला. चालण्याने आयुष्य वाढतं हे निमोण्यात पहिल्यांदा सिद्ध केलं ते बोकडाने.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शुगर एकशे सव्वीस आली. तरी मामींची झोप उडालेलीच होती. अकरा तारखेला मामा नेहमीसारखे निघाले. मामी ओट्यावर बसून राहिल्या. सव्वासात झाले, साडेसात झाले. आणि फाट्याकडून बोकड आला. एकटा. दावं फरफटत.

मामी तशाच अनवाणी रस्त्यावर धावल्या. मागे कृपा. प्रार्थना अर्ध्यावर थांबली होती. वळणावर महेंद्रची मोटरसायकल अगदी हळू येताना दिसली. मागची सीट रिकामी होती. तिच्या बाजूने, पोपटी बूट आपटत, लालबुंद झालेले बन्यामीनमामा पळत येत होते.

"मामी, सांगा जरा ह्यांना!" महेंद्र ओरडला. "फाट्यापासनं म्हणतोय बसा, बसा, तर ऐकंनात!"

"सुटला... लेकाचा," मामा गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत म्हणाले. "दीड किलोमीटर... पळालोय."

मामी रस्त्याच्या कडेला मटकन बसल्या. पदराने आधी डोळे पुसले आणि मग तोंड सोडलं. "पळता? ह्या वयात कुणी पळतं का?"

"काय म्हायती," मामा म्हणाले. "ह्या वयाचं आमच्या घरात कुणी झालंच न्हाई. कुणाला इचारू?"

मामी उठल्या, घरी आल्या आणि बादली भरली. पाणी त्यांनी आधी बोकडाला पाजलं.