पांढऱ्या घोडीची काळी गाठ

आपल्या प्राचीन वैद्यकाने रोगांचे साध्य, याप्य आणि असाध्य असे वर्ग केले आहेत. साध्य रोग बरा होतो. असाध्यापुढे वैद्याने हात जोडावेत. याप्य मात्र बरा होत नाही; परंतु पथ्याने आणि जपणुकीने त्याच्यासह पुष्कळ वर्षे काढता येतात. वैद्याची कसोटी लागते ती या मधल्या वर्गात, असे मला फार दिवस वाटत आले आहे. तेथे त्याने काहीतरी करावे अशी आप्तांची इच्छा असते, त्याच्या स्वतःच्या बोटांनाही तीच ओढ असते, आणि शहाणपण हात आवरण्यात असते. हा संयम एखाद्या वेळी ढळला, तर तो ढळला हे चारचौघांत स्वमुखाने सांगणे त्याहूनही कठीण. ग्रंथांच्या सहवासात आयुष्य घालवलेल्या विद्वानांतही हे धैर्य मी क्वचितच पाहिले. ते मला दिसले करी रोडच्या चाळीत राहणाऱ्या, घोड्यांवर झाडपाल्याचे औषध करणाऱ्या एका माणसात.

त्यांचे नाव भिवा रणपिसे. तबेल्यात त्यांना सारे नुसते 'भिवा' म्हणत, आणि त्यांच्या हयातीत मीही तशीच हाक मारली. येथे तरी त्यांना भिवाजी म्हणतो.

भिवाजी साताऱ्याकडचे. तरुणपणी ते खेचरांच्या पलटणीत होते. पुढे शिवडीच्या एका वखारीत घोडागाड्यांची देखभाल करू लागले. रविवारी सुटी असे. त्या दिवशी खांद्याला कापडी पिशवी लावून ते गिरगावात येत. फणसवाडीत आमच्या घराच्या मागील बाजूस व्हिक्टोरिया घोडागाड्यांचा एक तबेला होता आणि माझ्या अभ्यासिकेची खिडकी नेमकी त्या अंगणावर उघडत असे. त्यामुळे त्यांची चिकित्सा मी वर्षानुवर्षे बसल्या जागेवरून पाहिली.

घोड्याच्या कातडीवर मांसाच्या गाठी येतात. कधी कानाच्या मुळाशी, कधी छातीवर, कधी पट्टा घासतो त्या जागी. भिवाजींचा उपाय असा : त्याच घोड्याच्या शेपटीचे सात केस उपटायचे, त्यांचा पीळ करायचा, निवडुंगाचा चीक, हळद आणि आघाड्याची राख यांत तो भिजवून वाळवायचा, आणि गाठीच्या देठाशी फास द्यायचा. दर तिसऱ्या दिवशी फास थोडा आवळायचा. काही दिवसांत गाठ सुकून, पिकल्या फळासारखी आपसूक गळे. मग जखमेवर करंजाचे तेल. दुसऱ्याच्या शेपटीचा केस चालत नाही, असा त्यांचा कटाक्ष होता. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "मास्तर, कारण मला बी ठावं न्हाय. आज्यानं सांगितलं तसं करतो. पर ज्याचं दुखणं त्याचाच केस, हे बरं वाटतं मनाला."

फास देताना ते गाठीला चिमूटभर भंडारा लावीत आणि तोंडातल्या तोंडात खंडोबाचे नाव घेत. घोडा हे त्या देवाचे वाहन. कोचमनांच्या दृष्टीने औषधाइतकेच महत्त्व त्या नावाला होते.

छप्पन्न सालच्या डिसेंबरात बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेला दादरला लोटलेल्या जनसागरात भिवाजी होते. तेथेच त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पुढल्या रविवारी ते आले तेव्हा पिशवीत भंडाऱ्याची पुडी नव्हती. त्यांनी एका तांबड्या घोड्याच्या मानेवरची गाठ बांधली, ती ओठ मिटून. कोचमन एकमेकांकडे पाहू लागले. त्यांच्यात दौलत नावाचा एक होता. जिभेने तिखट, पण घोड्यावर जीव टाकणारा. तो म्हणाला, "भिवा, नाव घ्यायचं राहिलं की रे!"

"राहिलं न्हाय. सोडलं."

"मग ही गाठ गळायची कशी?"

"गळंल. चिकानं गळती ती."

ती गळलीही. तरी औषधाचा अर्धा गुण गेला अशी कुजबूज तबेल्यात सुरू झाली, आणि त्यांना बोलावणारे हात थोडे कमी झाले. एकदा मीही वरून म्हणालो, "भिवा, त्यांच्या समाधानासाठी एक शब्द उच्चारलास तर काय बिघडते?" त्यांनी मान वर केली. "मास्तर, दीक्षा घेताना शब्द दिलाय तो मोडंल." एवढेच बोलून ते पुन्हा घोड्याच्या खुराकडे वळले. त्या दिवशी मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली.

या काळात त्यांच्यावरचा ज्याचा विश्वास तिळभरही ढळला नाही तो इग्नेशियस. गिरगावातला जुना ख्रिस्ती. तबेल्यात त्याला इनास म्हणत. त्याची स्वतःची एक व्हिक्टोरिया आणि लिली नावाची एक पांढरी घोडी होती. लग्नसराईत नवरानवरीला चर्चमध्ये नेण्यासाठी लिलीला दूरदूरहून बोलावणे येई. इनासची पत्नी निवर्तली होती. तबेल्यालगतच्या घरात तो आणि मुलगी ॲन्टोनेट. ॲन्टोनेटचे लग्न ईस्टरनंतरच्या आठवड्यात ठरले होते, आणि आपल्या मुलीला आपणच, लिलीच्या गाडीतून, चर्चच्या दारी उतरवायचे हे त्याचे कित्येक वर्षांचे स्वप्न होते.

सत्तावन्नच्या निवडणुकीचे ते दिवस. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या प्रचारासाठी इनासने गाडी दिली होती. मागच्या बैठकीवर कर्णा बांधलेला, हुडावर झेंडे, आणि पुढे लिली. मिरवणुकीत ती एकाएकी लाथा झाडू लागली. परत आणून पाहिले तर दुमचीला, म्हणजे शेपटीखालून जाणाऱ्या पट्ट्याला, रक्त लागलेले. रविवारी भिवाजी आले. त्यांनी शेपटी हलकेच उचलली आणि बराच वेळ पाहत राहिले. शेपटीच्या खालच्या कातडीवर करवंदांएवढ्या तीन काळ्याभोर गाठी होत्या.

"इनास, हे माझ्या हातचं न्हाय."

"का रे? मागे त्या तांबड्याची काढलीस ना?"

"त्याची मांसाची गाठ. ही काळी हाय. पांढऱ्या घोड्याला वय झालं की हितं काळी गाठ येती. तिला कापायचं न्हाय, बांधायचं न्हाय. पलटणीत एकाची कापलेली बघितलीया म्यां. महिन्यात घोडा गेला."

इनासचा चेहरा उतरला. "मग आता लिली..."

"लिलीला काय धाड भरली? नुसती ठेवली तर धा वर्सं जगंल. पट्टा घासतो, तेवढं बघू."

त्यांनी दुमची सोडवून घेतली. पिशवीतून मांजरपाटाची जुनी, धुऊन मऊ झालेली पट्टी काढली, तिला खोबरेल चोळले, आणि अंगणात उकिडवे बसून त्या चामड्याच्या पट्ट्याला इतक्या निगुतीने गुंडाळून शिवली की शिवणीची एक गाठ कोठे वर आली नाही. ते काम मी वरून पाहत होतो. त्याचे शास्त्रीय नाव मला ठाऊक होते. ते याप्याचे उपचार होते. त्या घटकेपर्यंत भिवाजींच्या हातून रेसभरही चूक झालेली नव्हती.

इतक्यात दौलतने आपल्या घोड्याला खरारा करता करता म्हटले, "हात गेला म्हण ना सरळ! देव सोडला तिथंच हात गेला. आता करवंदाला भ्याला गडी. तोंडानं येळकोट म्हण, बघ गळते की नाही. पण नाही. आता तू मोठा झालास!"

दोघे-तिघे हसले. भिवाजी उठले. त्यांच्या मुद्रेवर मी कधी न पाहिलेला ताण होता. ते म्हणाले, "देवाबिगर गळत न्हाय म्हणतोस? बघ मग."

इनास गोंधळून म्हणाला, "भिवा, तू आता सांगितलंस ना..."

"धर तिचं तोंड."

आणि त्यांनी लिलीच्या शेपटीचे सात केस उपटले. भिजवलेला पीळ वाळू देण्याइतका धीर त्यांना त्या दिवशी नव्हता; ओल्याच पिळाने त्यांनी तिन्ही गाठी एकामागून एक बांधल्या. दौलत खरारा थांबवून पाहत होता. लिली एकदाच शहारली आणि स्थिर उभी राहिली. तिला त्या हातांची सवय होती.

मी खिडकीत होतो. साध्यासाध्याचा विवेक मला पाठ होता. मी काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी भिवाजी शिवडीहून काम संपवून धावत आले. फासाखाली गाठी सुकल्या नव्हत्या. त्यांतून शाईसारखा काळा स्राव येत होता. त्यांनी तत्काळ फास कापले. करंजाचे तेल, कडुनिंबाचा काढा, हळदीचा लेप, जे जे त्यांना अवगत होते ते त्यांनी केले. रोज संध्याकाळी येत आणि घोडीपाशी बसून राहत. तीन गाठींच्या जागी पुढे द्राक्षांच्या घडासारखा पुंजका झाला. तिला लीद टाकताना यातना होऊ लागल्या. तिने वैरण सोडली. एप्रिलच्या आरंभी इनासने परळहून जनावरांच्या डॉक्टरांना आणले. ते सज्जन गृहस्थ होते. त्यांनी तपासले आणि शांतपणे विचारले, "याला कोणी हात लावला होता का?"

इनासने उत्तर देण्याआधी भिवाजी पुढे झाले. "मी, साहेब."

"तसेच ठेवले असते तर पुष्कळ वर्षे चालले असते."

"ठावं हाय, साहेब. मला ठावं होतं."

 दुसऱ्या दिवशी सकाळी सुई देऊन लिलीची सुटका करायची ठरले. त्या सकाळी भिवाजींनी तिचे मस्तक आपल्या मांडीवर घेतले होते. इनास भिंतीकडे तोंड करून उभा होता. ॲन्टोनेटने घोडीच्या आयाळीवरून एकदा हात फिरवला आणि ती आत निघून गेली.

गाडी येऊन लिलीला घेऊन गेली. अंगण रिकामे झाल्यावर इनास, स्वभावाने फारच मृदू माणूस, भिवाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "देवाची मर्जी रे. तू मनाला लावून घेऊ नको."

दौलतचे डोळे लाल होते. तो म्हणाला, "मर्जी कसली? कोप आहे खंडोबाचा. मी सांगत होतो."

दोन्ही वाक्यांत भिवाजींना सुटकेची वाट होती. त्यांनी फक्त मान हलवायची होती. तबेल्यातले सारे भोवती जमले होते. त्यांनी इनासचा हात खांद्यावरून हळूच दूर केला.

"मर्जी न्हाय, इनास, आन् कोप बी न्हाय. मी काळी गाठ वळखली हुती. तुमच्या म्होरं बोललो हुतो, हात लावायचा न्हाय म्हणून. मग ह्या दौलतच्या बोलण्याचा राग आला आन् हात लावला. त्येच्या देवानं काय केलं न्हाय, तुझ्या देवानं बी न्हाय. घोडी माझ्या रागानं मेली."

 दौलत म्हणाला, "अरे, चिडवलं तर मीच ना?"

"तू चिडवलंस. फास म्यां दिला."

असे बोलून ते नळावर गेले आणि हात धुऊन निघून गेले.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात ॲन्टोनेट टॅक्सीने चर्चला गेली. इनास पुढे चालकाशेजारी बसला होता. रिकामे हात कोठे ठेवावेत हे त्याला उमजत नव्हते, असे मला खिडकीतून दिसले. पुन्हा घोडी घेण्याची उमेद त्याला राहिली नाही. त्याने व्हिक्टोरिया विकली आणि दुसऱ्यांच्या घोड्यांचे साज दुरुस्त करीत तो त्याच तबेल्यात बसू लागला.

भिवाजींनी औषध सोडले नाही. तांबड्या-काळ्या घोड्यांच्या मांसाच्या गाठी ते पूर्वीप्रमाणेच बांधीत, ओठ मिटून. पण त्यांच्या रविवारात एका कामाची भर पडली. गिरगाव, भायखळा, लालबाग, जेथे पांढरा घोडा असेल तेथे ते जात, कोचमनाला बोलावून घोड्याची शेपटी उचलीत, आणि काळी गाठ कशी ओळखायची ते दाखवीत. दाखवून झाल्यावर लिलीची हकिगत सांगत. स्वतःचे नाव वगळून ती सांगता आली असती. तसे त्यांनी एकदाही केले नाही. लोक कधी हसत, कधी म्हणत, "आपल्याच हातचं मेलेलं कशाला सांगत फिरतोस?" ते म्हणत, "सांगितलं न्हाय तर तुमी बी बांधाल." पहिल्या काही रविवारी दौलत त्यांच्याबरोबर चालताना मला दिसला.  तो घोड्याचे तोंड धरून उभा राहत असे.

साठ सालच्या फेब्रुवारीत भिवाजी छातीच्या विकाराने गेले. मे महिन्यात ज्या राज्यासाठी लिलीच्या गाडीवर झेंडे लागले होते ते अस्तित्वात आले; घरोघरी दिवे लागले; आमच्या तबेल्यातही लागले. त्या उजेडात मी त्यांना शोधले, हे लिहायला संकोच वाटत नाही. त्यांच्या पत्नी कौसल्याबाई पुढे एकदा त्यांची पिशवी घेऊन इनासकडे आल्या. आत निवडुंगाच्या वाळलेल्या चिकाची बाटली होती, हळदीची डबी होती, आणि केस एकही नव्हता. दुसऱ्याचा केस त्यांनी कधी जवळ बाळगलाच नव्हता.

त्यांचे छायाचित्र कोणापाशी नाही. तबेल्यात आता दोनच घोडे आहेत आणि दोन्ही तांबडे. इनासच्या बसण्याच्या जागेमागे, भिंतीतल्या खिळ्याला लिलीची दुमची टांगलेली आहे. भिवाजींनी त्या रविवारी गुंडाळलेली मांजरपाटाची पट्टी तिच्यावर अजून आहे, आणि ती कोठेही सुटलेली नाही.