कर्ण्याची खूण

प्रेस शॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. मी आणि माझा जोडीदार दोघंही त्यातलेच. चाकणच्या कंपनीत पत्रा दाबून भाग काढणारे आमचे प्रेस समोरासमोर. मशिनं धडधडायला लागली की बोंब मारूनही ऐकू जात नाही, म्हणून कामातलं बोलणं हातांनी. बाहेर आलो की मात्र बोंबच.

जोडीदार मूळचा चिखलीचा. निवृत्तीला आठवडा उरला तेव्हा म्हणाला, "राव, मला त्यो कर्णा बघायचा हाय." नातीच्या पुस्तकात त्याने हा पक्षी पाहिला होता. काळं डोकं, गळ्याखाली पांढरा पट्टा, पोट लालभडक. भीमाशंकरच्या जंगलात असतो म्हणे. शाल-श्रीफळ कंपनी देणारच होती, मी त्याला पक्षी द्यायचं ठरवलं.

रावेतच्या एका पक्षीवेड्या गटाबरोबर निघालो. गटप्रमुख ताथवड्याच्या कॉलेजात शिकवणारी, वयाने माझ्या लेकीएवढी. जंगलात शिरताच धनेश दिसला. "त्यो बघ!" जोडीदार म्हणाला, आणि धनेश गेला. मग स्वर्गीय नर्तक आला. तो मी जोडीदाराच्या कानात सांगितला, तर अख्खा गट दचकला आणि नर्तकही उडाला.

"काका," गटप्रमुख हात जोडून म्हणाली, "आता आवाज आला तर दोघांना गाडीत बसवावं लागेल."

मला भयंकर राग आला, तिचा नाही, माझाच. पक्षी द्यायला निघालेला मी, आणि पळवत होतो तोही मीच.

मग आम्ही तोंडं शिवून घेतली. गट एका बुलबुलाचे फोटो काढत थांबला होता, जोडीदार वीस पावलं पुढे. एकदम त्याने मूठ वर केली. आमच्यात मूठ म्हणजे 'मशीन थांबव'. मी जागीच थांबलो. मग दोन बोटं डावीकडे, तळहात वर, म्हणजे डावीकडे, उंचावर. आणि शेवटी त्याने कॉलर चिमटीत धरली. ही खूण साहेब आल्याची.

साहेब आले होते खरे, पण आमच्याकडे पाठ करून. नुसती तपकिरी पाठ. साहेब हलेनात. मान आखडली तेव्हा जोडीदाराने ओठाला अंगठा लावला, म्हणजे चहा, म्हणजे चल आता. मी मूठ वर केली. आणि कर्णा वळला.

काय ते लाल! जोडीदाराने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं, डोळे मात्र वाहायला लागले.

गटप्रमुख आली तोवर फांदी रिकामी. "काका, मला सांगायचं तरी!"

"तुमीच म्हनला ना, बोलू नगा," जोडीदार म्हणाला.

शेवटच्या दिवशी सत्कार झाला, भाषणं झाली. मी मशीनवर परतलो होतो, तेव्हा तो निरोप घ्यायला आला. प्रेस जोरात होते. त्याचे ओठ हलले, ऐकू काहीच आलं नाही. मग त्याने गळ्याखालून आडवं बोट फिरवलं आणि पोटावर हात ठेवला. शेजारच्या सुपरवायझरला वाटलं, म्हातारा गळा कापायची धमकी देतोय.

तो दाराकडे वळला. मी मूठ वर केली. सवयीने तो थांबला. पुढचं जे सांगायचं होतं त्याची खूण आम्ही अठ्ठावीस वर्षांत कधी ठरवलीच नव्हती.

शेवटी मी ओठाला अंगठा लावला.