मॅडमच्या खोलीतला दिवा

जेजुरकर सर माझे वीस वर्षांचे शेजारी. एवढ्या वर्षांत ते माझ्याशी सलग पाच वाक्यं बोलल्याचं एकदाच आठवतं, आणि त्याबद्दल पुढे सांगते. आम्ही एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात. मी गणित शिकवायचे, ते हाय व्होल्टेज. नाशिकच्या इंदिरानगरात आमच्या घरांची भिंतही एकच. माणूस सज्जन, पण घुम्या. अशा माणसांचा मला राग येतो. मनातलं बोलायला काय कर लागतो का?

मूळचे ते मखमलाबादचे, फुलं-भाजी पिकवणाऱ्या घरातले. झेंडूच्या पाट्या बाजारात उतरवून मग शाळा, असं बालपण. त्यांच्या आईला, सरुबाईंना वाटलं होतं, आपला भारत, म्हणजे आमचे सर, विजेचं शिकला की मळ्यातली मोटर तरी दुरुस्त करील. तो शिकला लाखभर व्होल्टचं. "मोटर जळली की आजून बी वायरमनलाच बोलवतो आम्ही," म्हातारी मला हसत सांगायची.

लॅबमध्ये मात्र सरांचा रुबाब बघावा. जाळीच्या पिंजऱ्यात दोन चकचकीत धातूचे गोळे, दाब वाढवत नेला की मधल्या हवेतून कडाड करून ठिणगी. पोरं टाळ्या वाजवायची. स्विच बंद झाला तरी सर कुणाला आत सोडायचे नाहीत. जमिनीला तारेने जोडलेली एक लांब काठी होती. ती घेऊन स्वतः आत शिरायचे, एकेका भागाला टेकवायचे, शेवटी तिथेच अडकवून ठेवायचे आणि मग हात लावायचे. "बंद केलं म्हणजे रिकामं झालं असं नाही," हे दर वर्षी प्रत्येक तुकडीला सांगायचे. पोरं मागे त्यांची नक्कल करायची.

त्यांची बायको आशा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्र्याण्णव साली लग्न झालं तेव्हा तिची नेमणूक वणीच्याही पुढे, सुरगाण्याकडच्या एका गावात होती. वर्ष-दोन वर्षांत बदली होईल असं दोघांनी धरून चाललेलं. दर उन्हाळ्यात बदल्या व्हायच्या आणि आशा तिथेच राहायची. शनिवारी शाळा सुटली की ती यायची, नाहीतर सर जायचे. सोमवारी पहाटे पुन्हा एसटी. मूलबाळ झालं नाही. सरुबाई एकदा माझ्यासमोर पटकन बोलून गेल्या, "बायको डोंगरात, नवरा तारांत. मंग संसार कुठं हाय?"

आशा माझ्याजवळ मन मोकळं करायची. "आठवड्यानं भेटतो माणूस, आणि दारात चपला काढता काढता विचारतो काय, तर लाईट किती वाजता आली! तू कशी आहेस, जेवतेस का, काही नाही. मी काय बायको आहे की सबस्टेशन?"

मी हसायचे आणि जीभ चावायचे. कारण मला माहीत होतं.

सरांकडे फोन नव्हता तेव्हा ते संध्याकाळी माझ्याकडे यायचे. आशाच्या गावच्या सबस्टेशनवर सुनील नावाचा ऑपरेटर होता. सरांचाच विद्यार्थी, त्यांच्याच विषयात दोनदा नापास झालेला. सबस्टेशनच्या समोरच आशाची भाड्याची खोली. तिथे वीज रोज संध्याकाळी जायची, कधी तासाने यायची, कधी जेवणं उरकल्यावर. सर फोन लावायचे, "सुनील, आली का?" तिकडून मोठ्यांदा उत्तर यायचं, "आली सर. मॅडमचा दिवा लागला."

सर "बरं" म्हणायचे. रिसीव्हर ठेवल्यावरही त्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहायचे. ते बघून मला गलबलून यायचं आणि चीडही यायची.

"अहो, हे तिला सांगा की," मी एकदा म्हटलंच.

"नको. पाळत ठेवतो असं वाटेल तिला." आणि मलाही शपथ घातली.

मग बंगळुरूच्या एका मोठ्या प्रयोगशाळेतून त्यांना बोलावणं आलं. बघून परतले त्या दिवशी ते सलग बोलले. तीन मजली उंचीचं यंत्र, माणसाने पाडलेली वीज, तिचा आवाज. बोलताना डोळे लहान मुलासारखे झाले होते. "मग कधी निघताय?" मी विचारलं. "नाही जात," ते म्हणाले. "तिथून सुरगाणा फार लांब पडतं." आशाची समजूत अशी, की यांना कॉलेजातली लॅब सोडवत नाही. तिला सवत म्हणजे ती लॅब. सरांनी तो गैरसमजही तसाच राहू दिला.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात आशाची बदली एकदाची झाली. तेरा वर्षांचा संसार दोन ट्रंकांत मावला. सरांकडे एव्हाना फोन आला होता. ती आल्यावर चौथ्या दिवशी मी पिठलं-भाकरी घेऊन त्यांच्याकडे गेले. सर भाजी आणायला गेलेले. भारनियमनात गेलेली आमच्या भागातली वीज नुकतीच आली होती. फोन वाजला, आशाने घेतला. पलीकडचा माणूस एवढ्या मोठ्याने बोलत होता की मला सगळं ऐकू आलं.

"सर नाहीत का? त्यांना सांगा, लाईट आली, पण मॅडमच्या खोलीत दिवा नाय लागला. मी लग्नाला बाहेरगावी गेलतो, आजच ड्युटीवर आलो. लय काळजी वाटली. मॅडम आजारी-बिजारी तर नाय ना?"

"तुम्ही कोण?"

"सबस्टेशनवरून सुनील. दहा वर्सं झाली, रोज सांगतो मी सरांना. पण मॅडमला कळू देऊ नका हां, सरांनी शपथ घातलीय."

आशाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"नाही कळू देत," ती म्हणाली. "मॅडम बऱ्या आहेत. नाशिकला आल्यात." रिसीव्हर ठेवला आणि त्यावर हात ठेवून ती तशीच उभी राहिली.

तेवढ्यात सर आले. चपला काढता काढता, सवयीने, "लाईट किती वाजता आली?"

मला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर भांडणार. आशाने पदराने डोळे पुसले.

"आत्ताच आली," ती म्हणाली. "आल्याबरोबर दिवा लावला मी."

सर "बरं" म्हणाले. मग त्यांचं लक्ष फोनवर तसाच टेकलेल्या तिच्या हाताकडे गेलं आणि ते मेथीची पिशवी हातात धरून दारातच उभे राहिले.