बटाटा वर आला तेव्हा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, सोनूच्या पप्पांनापण नाही. आता सांगते — पण कुठून सुरू करू, तेच कळत नाही.

विरारला आमच्या बिल्डिंगीत तिसऱ्या माळ्यावर एक मॅडम राहायच्या. रविवारी गच्चीवर पोरांना जमवून विज्ञानाचे प्रयोग करायच्या. फुगे, भिंग, बाटल्या, कायकाय. आम्ही आया मागे बसायचो. मी सातवी शिकलेली, मला कोणी काय विचारेल म्हणून धडधडायचं. आणि सगळ्यांना मी सांगून ठेवलेलं, माझे बाबा ऑफिसात आहेत. बाबा मिठागरात. जन्मभर. का सांगितलं तसं? तिथे सगळ्यांचे वडील ऑफिसात, म्हणून असेल.

त्या दिवशी मॅडमनी बरणीतल्या पाण्यात बटाटा टाकला. बुडाला. मग त्या मीठ ओतत राहिल्या, ढवळत राहिल्या — आणि तो हळूहळू वर आला. "का आला वर?"

माझी सोनू उठली. सात वर्षांची. "पाणी जड झालं. माझे आजोबा मिठागरात असाच बटाटा टाकतात. तो वर आला की मग मीठ धरतं."

मॅडम एवढ्या खूश झाल्या. "आजोबांनाच घेऊन ये गं पुढच्या रविवारी. ते शिकवतील आपल्याला."

शेजारच्या वहिनी माझ्याकडे वळल्या. "काय गं, तुझ्या बाबांच्या ऑफिसात मीठ पिकतं काय?" बायका हसल्या.

आणि मी बोलली, "खोटं बोलते ती. टीव्हीवर बघितलं असेल कायतरी."

एवढंच. एवढंच ना? मॅडमनी तिला जवळ घेऊन समजावलं, विज्ञानात आपण डोळ्यांनी बघितलेलंच सांगायचं. तिने डोळ्यांनीच बघितलेलं — बटाटापण तिनेच टाकलेला, माझ्या बाबांचा हात धरून. ती माझ्याकडे बघत राहिली, मग बरणीकडे. मला तेव्हा उठून सांगता आलं असतं. नंतर जिन्यात तरी. मी का नाही सांगितलं?

पुढे एकदा बाबा घरी आले, पिशवीत मीठ घेऊन. वहिनी दारातून डोकावल्या. "कोण आलंय गं, सोनू?"

"आजोबा," ती बोलली. माझ्याकडे बघितलं, आणि हळूच बोलली, "ऑफिसात असतात."

बाबांनी त्यांचे भेगाळलेले पाय खुर्चीखाली घेतले.

मी चहा ठेवायला आत गेली.